फिनिक्स लाइट्स, १३ मार्च १९९७ : साडेआठचं वेगळं आणि दहाचं वेगळं

युएफओच्या, म्हणजे ओळख न पटलेल्या उडत्या वस्तूंच्या, नादाला लागलेल्या कुणालाही फिनिक्स लाइट्स माहीत असतातच. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात एका गुरुवारी संध्याकाळी हजारो लोकांनी आकाशात दिव्यांची रांग बघितली आणि तेव्हापासून दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते यान होतं, दुसरी म्हणते मिलिटरीचे फ्लेअर (विमानातून सोडतात ते जळते दिवे) होते, विषय संपला. मला स्वतःला दोन्ही पार्ट्यांचं अर्धंच पटतं, कारण त्या रात्री दीड तासाच्या अंतराने दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आणि दोघींना नाव मात्र एकच पडलं. मग यानवाले साडेआठच्या साक्षी सांगून दहाचा व्हिडिओ दाखवतात आणि फ्लेअरवाले दहाचा खुलासा देऊन साडेआठची फाइल बंद करतात. म्हणून हे सगळं प्रकरण वेळेनुसार परत एकदा मांडतोय, थोडं लांबेल पण वाचा.

आधी त्या संध्याकाळचं आकाश कसं होतं ते बघू, कारण ते कुणी सांगत नाही. हेल-बॉप धूमकेतू तेव्हा ऐन भरात होता, १ एप्रिलला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ येणार होता आणि मार्चमध्ये सूर्य मावळल्यावर वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. आपल्याकडेही त्या वर्षी लोक गच्चीवर जाऊन बघत होते, चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. ९ मार्चला अमावास्या होऊन गेलेली, चंद्र कोरीचा, वाळवंटातली कोरडी हवा. म्हणजे नेहमी टीव्हीसमोर बसणारी जनता त्या आठवड्यात अंगणात खुर्च्या टाकून वायव्येकडे मान वर करून बसलेली, आणि साडेआठचे दिवे आले तेही नेमके वायव्येकडूनच. एरवी असे दिवे गेले असते तर किती जणांनी बघितले असते हा प्रश्न मला कायम पडतो.

पहिली नोंद नेवाडा राज्यातल्या हेंडरसनची, लास वेगासच्या शेजारचं शहर. तिथल्या एका माणसाने सांगितलं की व्ही आकाराची वस्तू दिसली, पुढच्या कडेला सहा दिवे, आकार बोइंग ७४७ एवढा, आवाज जोराच्या वाऱ्यासारखा, आणि ती वायव्येकडून आग्नेयेकडे चाललेली. वेळ तिथली ६ वाजून ५५ मिनिटं, पण नेवाडा अॅरिझोनाच्या एक तास मागे होतं, म्हणजे अॅरिझोनाच्या घड्याळात ७:५५. (इथेच बऱ्याच लोकांच्या टाइमलाइन गंडतात, कुणी तरी ६:५५ असंच उचलतो आणि मग वस्तू तासभर कुठे होती याचं गूढ तयार होतं.) मग सव्वाआठच्या सुमारास पॉल्डन नावाच्या छोट्या गावाजवळ एका माजी पोलिसाने लालसर केशरी दिव्यांचा पुंजका बघितला, दोनेक मिनिटांत प्रेस्कॉटहून फोन, मग प्रेस्कॉट व्हॅली, ड्यूई, साडेआठच्या आसपास फिनिक्स, आणि पावणेनऊला टूसॉन. नकाशावर टिंबं जोडली की जवळपास सरळ रेघ येते, वायव्य ते आग्नेय.

आता ही रेघ नीट बघा. प्रेस्कॉट ते फिनिक्स सरळ अंतर साधारण एकशे पंचवीस-तीस किलोमीटर आणि मधे गेली तेरा मिनिटं, म्हणजे ताशी सहाशेच्या आसपास वेग. फिनिक्स ते टूसॉन काढलात तरी सहाशे ते सातशेच्या मधेच येतो. लोकांच्या घड्याळात दोन-चार मिनिटं इकडे तिकडे धरली तरी हा जेट विमानाचा वेग आहे, त्यात अचाट काही नाही. पण त्याच लोकांच्या जबान्या वाचल्या तर जवळपास सगळे म्हणतात की वस्तू अगदी संथ चालली होती, डोक्यावरून तरंगत गेली, काही जण म्हणतात एवढी खाली होती की दगड मारला असता तर लागला असता, आणि आवाज शून्य.

हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? हिशोब सोपा आहे, करून बघा. समजा काही विमानं सहा किलोमीटर उंचीवरून ताशी सहाशेने चाललीत, म्हणजे मिनिटाला दहा किलोमीटर. तुमच्या डोक्याच्या एका बाजूला ४५ अंशांपासून दुसऱ्या बाजूला ४५ अंशांपर्यंत जायला त्यांना बारा किलोमीटर कापावे लागतात, सव्वा मिनिट लागतं जवळपास. आता रात्र आहे, काळं आकाश, मापायला शेजारी झाड नाही बिल्डिंग नाही, आणि तुम्हाला मनातून वाटलं की हे तीनशे मीटरवर आहे. मग तेवढ्याच सव्वा मिनिटात ती वस्तू फक्त सहाशे मीटर सरकली असं तुमचं डोकं धरतं, म्हणजे ताशी तीस किलोमीटर. तीसच्या स्पीडने एवढं मोठं काहीतरी आवाज न करता हवेत चाललंय! घाबरणारच माणूस. उंचीचा अंदाज चुकला की वेग चुकतो, वेग चुकला की आकार चुकतो, कारण दिव्यांमधलं अंतर कोनात दिसतं आणि ते मीटरमध्ये आपण त्या उंचीच्या अंदाजावरूनच बदलतो. मैलभर रुंद यान म्हणणारे आणि ७४७ एवढं म्हणणारे दोघंही एकच गोष्ट बघत असू शकतात.

आवाजाचं पण तसंच. सहा किलोमीटरवरून आवाज खाली यायला अठरा-वीस सेकंद लागतात, तोपर्यंत दिवे बरेच पुढे गेलेले असतात आणि आवाज भलत्याच दिशेने येतो, त्यात शहरातली ट्रॅफिक. हेंडरसनच्या माणसाने वाऱ्यासारखा आवाज म्हटलंय ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं, उंचावरच्या जेटचा आवाज बराचसा तसाच येतो.

आणि दिव्यांच्या मधलं काळं. इथे साक्षीदारांमध्येच फूट आहे. काही जण ठामपणे सांगतात की दिव्यांच्या मधे ठोस काळं शरीर होतं, मागचे तारे झाकले जात होते. काही जण सांगतात की मधून तारे दिसत होते. दोघंही खोटं बोलत नाहीयेत असं मी धरतो, पण पाच-सहा दिवे एकाच चालीने सरकायला लागले की आपला मेंदू त्यांना एका वस्तूचे दिवे समजतो. रात्री घाटात एकामागे एक चढणारे ट्रक लांबून बघितलेत तर कळेल, एक लांबलचक गाडीच वाटते. साडेआठच्या गोष्टीचा एक व्हिडिओ आहे, फारसा चांगला नाही, पण त्यात दिव्यांची एकमेकांतली अंतरं हलकी बदलताना दिसतात. एका पत्र्यावर बसवलेले दिवे असते तर ते जागचे हलले नसते.

आता या केसमधला माझ्या मते सगळ्यात वजनदार साक्षीदार. फिनिक्स परिसरातला एकवीस वर्षांचा हौशी आकाशनिरीक्षक, अंगणात दहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावून बसलेला. हा दिवे आले तेव्हा नुसता बघत बसला नाही, दुर्बीण फिरवली आणि त्यांच्यावर लावली. ज्यांनी डॉब्सोनियन हाताळलीय त्यांना माहितीये की ती हाताने ढकलत चालत्या वस्तूच्या मागे नेता येते, सवय लागते पण जमतं. त्याला दिसलं की साध्या डोळ्याला जो एक दिवा दिसतोय तो दुर्बिणीतून दोन दिवे आहेत, आणि ते चौकोनीसर पंखांच्या खाली आहेत. शेजारी आईने विचारलं काय आहे, तर म्हणाला विमानं आहेत, आणि परत आपल्या कामाला लागला. नंतर गाजावाजा सुरू झाल्यावर त्याने हे सांगायचा प्रयत्न केला पण कुणाला फारसा रस नव्हता, शेवटी फिनिक्स न्यू टाइम्स या स्थानिक साप्ताहिकाने १९९७ सालीच ती हकीगत छापली. हजारो लोकांत मोठ्या दुर्बिणीतून बघितलेला हा एक आणि त्याचीच साक्ष डॉक्युमेंटऱ्यांमध्ये सगळ्यात कमी वेळा येते. विमानांपेक्षा यानाला टीआरपी जास्त, त्याला काय करणार.

बरं आता दहा वाजता या.

रात्री दहाच्या सुमारास फिनिक्सच्या नैऋत्येला दिव्यांची एक कमान दिसली. हे दिवे कुठे जात नव्हते, लटकल्यासारखे होते, एकेक करून पेटले, काही मिनिटं राहिले आणि एकेक करून विझले. लोकांनी कॅमकॉर्डर काढले आणि तुम्ही-आम्ही जे फिनिक्स लाइट्सचे व्हिडिओ बघितलेत ते जवळपास सगळे या दहाच्या गोष्टीचे आहेत. साडेआठची वस्तू चालत होती, दहाची लटकत होती. एवढा फरक असूनही बातम्यांमध्ये साडेआठच्या साक्षीदाराचा आवाज आणि वर दहाचं फुटेज असं वर्षानुवर्षं चालवलं गेलंय.

दहाच्या दिव्यांचं उत्तर मिळालंय आणि मला तरी त्यात शंका नाही. फिनिक्सच्या नैऋत्येला सिएरा एस्ट्रेला डोंगररांग आहे आणि तिच्या पलीकडे बॅरी गोल्डवॉटर रेंज, १९४१ पासून चालू असलेलं हवाई सरावाचं मैदान, साधारण १९ लाख एकर. त्या रात्री तिथे मेरिलँड एअर नॅशनल गार्डच्या (राज्याचं राखीव हवाई दल) १०४व्या फायटर स्क्वाड्रनची ए-१० विमानं होती, ज्यांना सगळे वॉर्टहॉग म्हणतात. थंडीत ज्या राज्यांत हवा खराब असते तिथली युनिटं सरावाला अॅरिझोनात येतात, टूसॉनच्या डेव्हिस-मॉन्थन तळावर उतरतात, या कार्यक्रमाला ऑपरेशन स्नोबर्ड म्हणतात. सराव संपला, फ्लेअर उरले, ते घेऊन परत उतरण्यापेक्षा उंचावरून टाकून दिले.

हे फ्लेअर म्हणजे दिवाळीतला बाण नव्हे. एलयूयू-२ प्रकारचा हा फ्लेअर जवळपास तीन फूट लांब असतो, आत मॅग्नेशियम, वर पॅराशूट, खालचं रणांगण उजळायला बनवलेला, प्रकाश साधारण १८ ते २० लाख कँडलपॉवर आणि जळतो चार-पाच मिनिटं. जळताना त्याची गरम हवा वर चढून पॅराशूटमध्ये भरते आणि वजनही कमी होत जातं, त्यामुळे तो खाली यायचा आणखी मंदावतो, लांबून बघणाऱ्याला एका जागी टांगल्यासारखा दिसतो. विमान चालता चालता एकेक सोडत जातं म्हणून रांग दिसते, आणि ज्या क्रमाने पेटले साधारण त्याच क्रमाने जातात.

पण पक्कं करणारी गोष्ट वेगळी आहे. ज्या अंगणातून व्हिडिओ घेतला तिथूनच दिवसा परत शूटिंग केलं आणि दोन्ही एकावर एक ठेवलं, कॉग्निटेक नावाच्या इमेज अॅनालिसिस कंपनीने. रात्री काळोखात डोंगर दिसत नव्हता म्हणून दिवे आकाशातच अचानक विझल्यासारखे वाटले, दिवसाचं चित्र वर ठेवल्यावर कळलं की प्रत्येक दिवा बरोबर डोंगराच्या कडेला टेकला की गायब होतोय. म्हणजे दिवे शहराच्या डोक्यावर नव्हतेच, डोंगरामागे लांब होते. याच्या उलट तेव्हा एका ठिकाणाहून असाही दावा आला होता की व्हिडिओ टेपवरून प्रकाशाचं स्पेक्ट्रम (त्यातल्या रंगांचा पट्टा) काढलंय आणि ते फ्लेअरशी जुळत नाही. कॅमकॉर्डर प्रकाश लाल, हिरवा, निळा अशा तीन भांड्यांत ओतून ठेवतो हो, त्यातून स्पेक्ट्रम काढणार कुठून? तरी हा दावा अजून फिरतोय.

आता मला ज्याचा खरा राग येतो त्या भागाकडे. घटना मार्चची आणि फ्लेअरचा खुलासा आला जुलैमध्ये. त्या रात्री लोकांनी फिनिक्सच्या पश्चिमेच्या ल्यूक हवाई तळाला फोन केले, तिथून उत्तर की आमची विमानं नव्हती. ते खरंच होतं, ल्यूकची नव्हतीच, पाहुण्यांची होती. पाहुण्या युनिटांच्या नोंदी कुणी उघडल्याच नाहीत, शेवटी अॅरिझोना नॅशनल गार्डच्या कॅप्टन आयलीन बिएन्झ यांनी शोधून काढलं की मेरिलँडवाले त्या रात्री तिथे होते. चार महिने! एवढ्या वेळात कथा घट्ट होऊन बसते, मग खुलासा कितीही बरोबर असला तरी लोकांना तो सारवासारव वाटतो. शिवाय तक्रार घ्यायला सरकारात खिडकीच नव्हती, युएफओच्या तक्रारी तपासणारं हवाई दलाचं प्रोजेक्ट ब्लू बुक १९६९ मध्ये १२,६१८ नोंदी जमवून बंद झालेलं, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत ओळखू न आलेल्या. त्यामुळे तेव्हा विचारलं की उत्तर एकच असायचं, आम्ही आता हे बघत नाही, पोलिसांकडे जा.

फिनिक्सच्या नगरसेविका फ्रान्सिस बारवूड यांनी मे महिन्यात सभेत एवढंच म्हटलं की याची चौकशी करा. त्यांनी एलियन वगैरे काही म्हटलं नव्हतं, लोक विचारतायत तर शोधा एवढंच. त्यावरून त्यांची जी टर उडवली गेली ती वाचवत नाही. त्यांच्या सांगण्यानुसार सातशेच्या वर लोकांनी त्यांच्याशी संपर्क केला आणि सरकारी माणूस त्यातल्या एकाशीही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट पदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या.

१८ जूनला यूएसए टुडेने पहिल्या पानावर बातमी छापली आणि प्रकरण देशभर गेलं. (मधे मार्चच्याच शेवटी कॅलिफोर्नियात हेवन्स गेट पंथाच्या ३९ जणांनी हेल-बॉपच्या मागे यान आहे म्हणून सामूहिक आत्महत्या केली होती, त्यामुळे यान हा शब्द आला की पेपरवाल्यांचे कान आधीच टवकारलेले.) दुसऱ्या दिवशी गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन यांनी पत्रकार परिषद घेतली, दोषी सापडला म्हणाले, आणि बेड्या घातलेला एलियन समोर आणला. मुखवटा काढला तर त्यांचाच चीफ ऑफ स्टाफ. हशा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिमिंग्टन आर्थिक फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरून पायउतार झाले, ती शिक्षा पुढे रद्द झाली, ते वेगळं प्रकरण.

तर हेच सिमिंग्टन २००७ मध्ये म्हणाले की ते दिवे मी स्वतः बघितले होते, भलं मोठं त्रिकोणी यान होतं, लोक घाबरू नयेत म्हणून तेव्हा विनोद केला. माणूस हवाई दलात काम केलेला, म्हणून या विधानाला खूप वजन दिलं जातं. माझं मत विचाराल तर दहा वर्षांनी सांगितलेली आठवण आहे, ती कुणाचीही असो, दुर्बीणवाल्या पोराच्या त्याच वर्षीच्या साक्षीपुढे मी ती ठेवणार नाही. अभिनेता कर्ट रसेलचं उदाहरण त्या मानाने प्रामाणिक वाटतं, तो स्वतः विमान चालवत मुलाला घेऊन फिनिक्सला उतरत होता, व्ही आकारात सहा दिवे दिसले, टॉवरला विचारलं, त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि तो विसरूनही गेला. यान होतं असं तो म्हणत नाही, ओळखता आलं नाही म्हणतो.

आपल्याकडच्या वाचकांना ताडून बघायचं असेल तर २ एप्रिल २०२२ आठवा, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ, खानदेश, मध्य प्रदेशातून आकाशात जळत्या तुकड्यांची रांग सरकताना दिसली, मोबाइलवर शेकडो व्हिडिओ. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची मोठी रिंग पडलेली सापडली आणि चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा वापरून झालेला टप्पा परत वातावरणात शिरला होता हे जुळलं. तिथे मदत कुठली झाली तर कक्षेतल्या वस्तूंच्या नोंदी सगळ्या जगाला उघड असतात, कुठलाही अभ्यासक घरी बसून वेळ ताडून बघू शकतो. लष्करी विमानांच्या सरावाचं तसं नसतं. रात्री डोक्यावरून विमानं का गेली हे पुण्यात लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना कोण सांगतं? तिथले लोक सुखोईच्या आवाजाला सरावलेत म्हणून कुणी फोन करत नाही एवढंच.

त्यानंतर फिनिक्सवर परत दोनदा दिवे आले. फेब्रुवारी २००७ मध्ये ल्यूकच्या एफ-१६ विमानांचे फ्लेअर, आणि या वेळी तळाने लगेच सांगून टाकलं, दोन दिवसांत विषय मिटला. एप्रिल २००८ मध्ये चार लाल दिवे, कधी चौकोन कधी त्रिकोण करत शहरावरून गेले, तर निघालं की एकाने हेलियमच्या फुग्यांना रस्त्यावर लावतात ते फ्लेअर बांधून सोडले होते. तेव्हाही काही साक्षीदारांनी एकच मोठी वस्तू बघितल्याचं सांगितलं होतं.

राहता राहिला साडेआठचा ताफा. दिशा जुळते, वेग जुळतो, दुर्बिणीतलं चित्र जुळतं, ए-१० चे पंख सरळ चौकोनी असतात आणि वरचा वेग ताशी सातशेच्या आसपास, तेही बसतं, लास वेगासकडून टूसॉनला जाणारी रेघही एका मोठ्या हवाई तळाकडून दुसऱ्याकडे जाते. पण बसतं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. दहाच्या फ्लेअरबद्दल युनिटचं नाव आहे, विमानाचा प्रकार आहे, २००७ मध्ये त्यातल्या एका पायलटने उघडपणे सांगितलंय की मी तिथे होतो. साडेआठच्या विमानांबद्दल ही आमची होती असं कुठल्याही युनिटने आजवर अधिकृतपणे म्हटलेलं नाही. मी या केसपुढे विमानांचा ताफा, युनिट अनोळखी असं लिहीन. यान लिहिणार नाही, आणि फ्लेअर तर अजिबात नाही.